भंगारात भाव काय?

समुद्रातल्या प्लास्टिकवर लिहायचं म्हटलं की माणसं वर्सोव्याला जातात, नाहीतर पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीनंतर मरीन ड्राइव्हवर उभं राहून समुद्राने शहराला साभार परत केलेल्या कचऱ्याचे फोटो काढतात. मी बदलापुरातलं एक किराणा दुकान निवडलं आहे. चौपाटी इथून लोकलने दीड-दोन तासांवर. पण दुकानामागचा नाला उल्हास नदीला मिळतो आणि उल्हास वसईच्या खाडीतून समुद्राला. प्लास्टिक त्याच वाटेने जातं, त्याला लोकल लागत नाही.

बोलणारे दोघं. एक निवृत्त शिक्षिका, दुसरा त्यांचाच जुना विद्यार्थी, आता दुकानाचा मालक. त्यामुळे बाई त्याला अरे-तुरे करतात, खोचक बोलायचं असलं की 'शेठ' म्हणतात; आणि तो पन्नाशीला आला तरी बाई फळीपाशी आल्या की गल्ल्यावरून उठून उभा राहतो. दोघांना नावं दिलेली नाहीत. असे दुकानदार आणि अशा बाई गावोगाव आहेत. ठिकठिकाणी कानावर पडलेलं बोलणं मी इथे एका दुपारी आणून बसवलं आहे.

बाई : ही घे यादी. आणि पिशवी माझी आहे, तुझी देऊ नकोस. कापडी आहे.

दुकानदार : बाई, रागावू नका, पण ही कापडाची नाही.

बाई : नाही कशी? शिवलेली आहे की.

दुकानदार : शिवलेली नाही, चिकटवलेली आहे. कडेला बघा, टाक्यांच्या जागी नुसते ठिपके आहेत. हिला आम्ही नॉन-वोवन म्हणतो. साखरेचं पोतं ज्याचं असतं त्याच पॉलिप्रॉपिलीनची. लग्नात नाहीतर साडीच्या दुकानात मिळालेली असणार. काही महिने उन्हात टांगलेली राहिली की हात लावल्यावर भुगा होतो. मोठी पिशवी निदान उचलता तरी येते. भुगा कोण उचलणार?

बाई : बरं. जुन्या लुगड्याची शिवते. पण शेठ, माझी पिशवी तपासलीत, आता स्वतःचं दार बघा. ही माळ. शाम्पू, कॉफी, सॉस, सुपारी, केसांचा रंग. दारात तोरण लावावं तशी लावली आहेस.

दुकानदार : ती माळ कंपनीची आहे, आणि कंपनीच्या माळेला कोणी काही बोलत नाही. 2018 साली आपल्याकडे बंदी आली ना? पहिल्या गुन्ह्याला 5,000, दुसऱ्याला 10,000, तिसऱ्याला 25,000 आणि वर तीन महिने कैद. मी 5,000 ची पावती फाडली आहे, फळीखाली सापडलेल्या पातळ पिशव्यांसाठी. पथक याच दारातून आत आलं. माळ त्यांच्या डोक्याला लागली. बाजूला सारून आत आले.

बाई : दंड नियमाप्रमाणेच झाला ना?

दुकानदार : नियमाप्रमाणेच. तक्रार दंडाची नाही. पिशवी नको म्हटलं की माझ्या गिऱ्हाइकाला वाटतं, आपलं काम झालं. मग घरून आणलेल्या पिशवीत तेलाचं पाऊच, दुधाच्या चार पिशव्या, बिस्किटांचे पुडे, वेफर्स, शाम्पूच्या पुड्या, साबणाचं वेष्टन असं सगळं भरून घरी नेतो. बाहेर एक पिशवी वाचली, आत वीस.

बाई : म्हणून पहिलीही वाचवू नये?

दुकानदार : वाचवा की. पण तेवढ्यावर समुद्र वाचला असं म्हणू नका. आणि समुद्र कुठे, बदलापूर कुठे!

इथे बाईंचा आवाज वर्गातला होतो. मुद्दाही त्यांच्या बाजूचा आहे.

बाई : 2019 च्या जुलैमध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस आपल्या आणि वांगणीच्या मध्ये अडकली होती, आठवतं? हजारभर माणसं बोटींनी काढली. तेव्हा पूर ओसरल्यावर नदीकाठची झाडं बघितली होतीस? माणसाच्या उंचीवर, फांदीफांदीला चिंध्या. जवळ गेल्यावर कळायचं, चिंध्या नाहीत, पिशव्या आणि वेष्टनं आहेत. झाडांनी अडवलं तेवढं इथे राहिलं. बाकीचं कुठे गेलं? राजमाचीच्या डोंगरात उगम, मग कर्जत, बदलापूर, कल्याण, आणि शेवटी खाडी. 2021 मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या नद्यांचा हिशेब मांडला. समुद्रात नद्यांवाटे जाणाऱ्या प्लास्टिकपैकी 80 टक्के हजाराहून जरा जास्त नद्यांतून जातं, आणि त्यात गंगेसारख्या अजस्र नद्यांपेक्षा शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्या पुढे आहेत. पहिल्या दहांत आपली उल्हास आहे. तुझ्या दुकानामागचा नाला तिलाच मिळतो.

दुकानदार : पहिल्या दहांत?

बाई : शाळेत कधी आला नाहीस, इथे आलास.

दुकानदार : बाई, पण मीही वाचतो थोडंफार. पॅसिफिकच्या मधोमध तो कचऱ्याचा मोठा पट्टा आहे ना, त्यात वजनाने 46 टक्के तर मासेमारीची जाळी निघाली. 2018 चा अभ्यास आहे. म्हणजे निम्मा दोष कोळ्यांचा, आणि दंड वाण्याला!

बाई : तो मधोमधचा समुद्र. तिथे पोचायला वस्तू वर्षानुवर्षं तरंगावी लागते, म्हणून जाडजूड जाळी आणि दोरखंड टिकतात. आपल्या किनाऱ्याचं वेगळं. माझी नोकरी सुरू झाली अर्नाळ्याच्या शाळेत. तिथे डोल लावतात. प्रवाहाकडे तोंड करून बांधलेलं, शंखासारखं निमुळतं होत जाणारं जाळं. ते माशामागे धावत नाही, भरती-ओहोटीचा ओघ जे आणेल ते आत येतं. शेवटच्या बारीक आसाच्या भागाला खोला म्हणतात. खोला सोडला की बोंबील, मांदेली, करंदी, जवळा असा सगळा ढीग पडतो. मागे गेले होते तेव्हा माझी एक विद्यार्थिनी त्या ढिगापाशी बसली होती. जवळा माहीत आहे ना, जेमतेम नखाएवढा असतो, पारदर्शक. त्यातून ती प्लास्टिकचे कपटे निवडत होती. तेही तसेच, नखाएवढे, पारदर्शक. ओला कपटा आणि ओला जवळा बोटांना सारखाच लागतो. तांदूळ निवडताना खडा दिसतो तरी. इथे दिसतही नव्हतं. मासळी चढवायला टेम्पो उभा, बर्फ वितळतोय, आणि ती निवडतेय. एक कपटा मी उचलून बघितला. त्यावर अर्धं अक्षर होतं, केशरी. कुठल्या तरी पुड्याचं.

दुकानदार थोडा वेळ यादीतली डाळ मोजत राहिला, असं मी इथे लिहीत नाही. दुकानदार असा गप्प बसत नाही.

दुकानदार : कबूल. पुडा माझ्यासारख्याच्या दुकानातून गेला असणार. पण तो विकू नको म्हणता, तर मग काय विकू ते सांगा. सुटं तेल? पूर्वी गिऱ्हाईक बरणी घेऊन यायचं, आम्ही डब्यातून मापाने द्यायचो. आता सुटं खाद्यतेल विकणं गुन्हा आहे. का, तर 1998 मध्ये दिल्लीला मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं, लोकांच्या अंगाला सूज आली, 60 हून जास्त माणसं मेली. त्याच वर्षी सरकारचा हुकूम निघाला की तेल बंद पाकिटातच विका. चुकीचा होता का हुकूम?

बाई : नाही.

दुकानदार : मग वडापाव, शेव, फरसाण. पूर्वी वर्तमानपत्रात बांधायचे. आता तेही चालत नाही, शाईतली द्रव्यं अन्नात उतरतात म्हणून. तेही बरोबरच आहे. पार्ले-जीचा पुडा मेणकागदात यायचा, तो प्लास्टिकमध्ये आला. मला विचारून नाही आला, तुम्हाला विचारूनही नाही. पावसाळ्यात बिस्किटं नरम पडली की परत आणायच्या तुम्हीच. प्रत्येक वेष्टनामागे काहीतरी कारण आहे बाई. भेसळ, ओल, उंदीर, वाहतूक. 'सवयी बदला' म्हणणारा माणूस ते कारण कधी सोडवून देत नाही.

बाई : शाम्पूच्या पुडीमागे कुठलं कारण? उंदीर?

दुकानदार : रोजंदारी. नाक्यावर उभी राहणारी बिगारी बाई शनिवारी दोन रुपयांचा शाम्पू घेते. बाटलीला लागणारे पैसे तिच्या हातात एका वेळी कधी येतच नाहीत. आणि तुम्ही म्हणणार, बाटली घेतली तर एकूण स्वस्त पडेल. मागे छापलेले मिलीलिटर बघून हिशेब करा. एक रुपयाची पुडीच बाटलीपेक्षा स्वस्त पडते. बाकी जगात घाऊक घेतलं की स्वस्त, आपल्याकडे शाम्पूत उलटं.

हे खरं आहे, आणि ज्याने कोणी 'मोठं पॅक घ्या, पैसे वाचवा, पृथ्वी वाचवा' असं फलकावर लिहिलं, त्याने फळीपलीकडे उभं राहून हा हिशेब केलेला नाही. पुडीची कल्पना तामिळनाडूतली. तिथल्या चिक शाम्पूने 1980 च्या दशकात ती खेड्यापाड्यांत नेली, आणि ज्यांच्या घरात शाम्पू कधी आला नव्हता त्यांच्या घरात तो आला. त्या सोयीचं बिल आता नाल्यात दिसतं आहे. पण ते बिल बिगारी बाईच्या नावाने फाडायला माझा हात धजत नाही.

बाई : तिला सांगूच नकोस. मी तिच्याबद्दल बोलतच नाही. मला सांग, महिन्याची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणारी तुझी गिऱ्हाइकं आहेत ना, स्टेशनपलीकडच्या टॉवरमधली? ती माळ नेत नाहीत?

दुकानदार : नेतात की. तुटक नाही, अख्खी माळ नेतात. प्रवासाला बरी पडते म्हणून. मुलांच्या डब्यासाठी पाच रुपयांचे वेफर्स, तेही डझनाने. मोठा पुडा घेतला तर मुलं एकदम संपवतात म्हणे.

बाई : सापडलं! ज्याला परवडत नाही त्याची पुडी ही गरज. ज्याला परवडतं त्याची पुडी ही खोड. मी खोडीबद्दल बोलते आहे. आणि खोड लावलेली असते तशी मोडताही येते.

दुकानदार : मोडल्याने किती फरक पडेल? जगात 2015 पर्यंत 830 कोटी टन प्लास्टिक बनलं. त्याचा जो कचरा झाला त्यातला 9 टक्के फक्त पुन्हा वापरात आला. 2010 या एका वर्षात समुद्रात गेलं ते 48 लाख ते 127 लाख टन. तुमच्या टॉवरमधल्या वीस घरांनी वेफर्स सोडले...

बाई : टनांची भाषा माझ्याशी बोलू नकोस. टनांत कोणी खरेदी करत नाही. तू रोज भंगारवाल्याशी बोलतोस. तो काय घेतो आणि काय घेत नाही, ते सांग.

इथून पुढचं बोलणं मला महत्त्वाचं वाटतं. नदीत काय जातं हे कळायला संशोधन लागतं. काय जात नाही हे भंगारवाल्याचा तराजू सांगतो. ज्याला किलोमागे चार पैसे मिळतात ते रस्त्यावर पडून राहत नाही, कोणीतरी वाकून उचलतं. आपल्या शहरांत कचरा वेचणाऱ्या बायकांनी हे काम कुठल्याही पर्यावरण दिनाच्या किती तरी आधीपासून केलेलं आहे. पुण्यात 1993 मध्ये त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, पुढे त्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली, आणि त्या आता घरोघर जाऊन ओला-सुका कचरा वेगळा घेतात. त्यांच्या हाताला विचारलं तर प्लास्टिकचे दोनच प्रकार. भाव असलेलं आणि भाव नसलेलं.

दुकानदार : पुठ्ठा घेतो, तो तर हातोहात. पाण्याची बाटली, तेलाचा कॅन, शाम्पूची बाटली, मोडकी बादली, खुर्ची घेतो. दुधाच्या पिशव्याही घेतो, पण धुतलेल्या. वास मारणाऱ्या असल्या तर भाव पाडतो. वेफर्सचा पुडा घेत नाही. तो एका प्लास्टिकचा नसतोच, थरावर थर असतात, आतून चंदेरी. ते थर सुटे करणं कोणाला परवडत नाही. शाम्पूची पुडी तर नाहीच. हजारभर वेचल्या तर किलो होणार. थर्माकोल नाही, हवाच सगळी, टेम्पो भरतो पण वजन नाही. सॉसची पुडी, गुटख्याची पुडी नाही.

बाई : गुटख्याची पुडी आहे कुठे? राज्यात गुटख्याला 2012 पासून बंदी आहे.

दुकानदार : बाई, नाल्यात बघा.

बाई : आता ऐक. तू जी दुसरी यादी सांगितलीस, न घेतलेल्यांची, तीच माझ्या विद्यार्थिनीच्या खोल्यात होती. बाटल्या कमी होत्या, पुड्यांचे कपटे होते. म्हणजे माझ्यासारख्या बाईने फळीवर उभं राहून 'हे प्लास्टिक आहे का' असं विचारायचं नाही. विचारायचं, 'हे रिकामं झाल्यावर भंगारात जाईल का?' जाणार असेल तर घ्यावं, धुऊन द्यावं. जाणार नसेल तर त्याच्या जागी दुसरं काही आहे का बघावं. वेफर्सऐवजी तुझ्याकडचं सुटं फरसाण, माझ्या डब्यात. शाम्पूच्या माळेऐवजी बाटली, दोन पैसे महाग पडली तरी. मला परवडते.

दुकानदार : आणि दुधाची पिशवी?

बाई : ती धुते, वाळवते, साठवते. बायका वर्षानुवर्षं हेच करत आल्या आहेत, त्याला कोणी हरित जीवनशैली म्हटलं नाही. फक्त कोपरा पूर्ण कापून टाकू नये. चीर द्यावी, तुकडा पिशवीलाच राहू द्यावा. तो त्रिकोणी तुकडा एकदा सुटला की सिंकमधून थेट मोरीत. रोज एका घरातून चार त्रिकोण. तुझा भंगारवाला पिशवी घेईल, त्रिकोण कोणी घेणार नाही.

दुकानदार : त्या पिशवीवर 50 पैसे परत मिळणार होते. 2018 च्या अधिसूचनेत होतं. दुधाच्या पिशवीला 50 पैसे, पाण्याच्या बाटलीला रुपया-दोन रुपये, दुकानदाराने परत द्यायचे. मी विचारलं, मला कोण देणार? मी साठवायच्या कुठे, तांदळाच्या पोत्यांवर? आंबलेल्या दुधाच्या वासाला मुंग्या, झुरळं. मग अन्न खात्याचा माणूस येऊन वेगळी पावती फाडणार. कोणी उत्तर दिलं नाही, योजना आपोआप विरली. सवयींचं म्हणताय ना, सवय लागायला समोर काहीतरी हवं. निलगिरीला बघा. तिथे सरकारी दारू दुकानांतून बाटलीवर 10 रुपये जास्त घेतात, रिकामी आणून दिली की परत. जंगलात फुटक्या काचा हत्तींच्या पायात जायच्या, मद्रास उच्च न्यायालयाने धरून बसवलं, 2022 मध्ये सुरू झालं, आणि बाटल्या परत यायला लागल्या. पिणाऱ्याला कोणी हत्तीवर भाषण दिलं नाही. 10 रुपये दिले.

बाई : हे चांगलं आहे. हे मी मान्य करते.

दुकानदार : मग कंपन्यांचंही मान्य करा. आता त्यांच्यावर जबाबदारी टाकली आहे, जितकं प्लास्टिक विकाल तितकं गोळा करून प्रक्रिया केल्याचं प्रमाणपत्र आणा. आणि 2023 मध्ये तपासणीत काय निघालं? जवळपास सहा लाख प्रमाणपत्रं बनावट! प्लास्टिक गोळाच झालं नाही, कागद गोळा झाले. तुम्ही घरी त्रिकोण जपताय आणि तिकडे सहा लाख!

बाई : म्हणून त्रिकोण मोरीत सोडू का?

दुकानदार : तसं नाही हो.

बाई : तसंच होतं तुझं. वरचा चोर सापडला की खालच्याने हात झटकायचे. वेंगुर्ल्याला बघ. नगरपालिकेने कचरा वीसहून जास्त प्रकारांत वेगळा करायला लावला, प्लास्टिकचे तुकडे करून डांबरी रस्त्याला वापरलं, कचऱ्याचे डोंगर राहिले नाहीत. पर्यटक बघायला जातात, कचराघर!

दुकानदार : वेंगुर्ला बारा हजार वस्तीचं गाव. आपण 2011 च्या जनगणनेतच पावणेदोन लाख होतो, त्यानंतर किती टॉवर उठले ते तुम्हीच मोजा. आणि तिथेही एका मुख्याधिकाऱ्याने लावून धरलं म्हणून झालं. तो माणूस सवय नव्हता बाई, तो अधिकारी होता.

बाई : आणि घरात वीस प्रकार वेगळे कोणी केले? अधिकाऱ्याने?

हा वाद इथे अडकतो, आणि अडकणारच. व्यवस्था आणि सवय यांतलं आधी काय, असं विचारणाऱ्याला दोन्ही बाजूंनी पुरावा मिळतो. वर्सोव्याला 2015 पासून एका वकिलाने शेजाऱ्यांना घेऊन दर शनिवार-रविवारी किनारा उपसायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला आणि 2018 च्या मार्चमध्ये त्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे गेली. हा सवयीचा विजय. आणि तिथेच दर पावसाळ्यात समुद्र नवा माल आणून टाकतो, कारण नाले तेच आहेत. ही व्यवस्थेची हार. मला स्वतःला यात दुकानदाराची बाजू जड वाटते. पण दुकानदाराला वाटते तितकी नाही. कारण खरेदीची सवय ही व्यवस्थेबाहेरची गोष्ट नव्हे. त्याच्या दारातली माळ कोणत्या मागणीवर टांगली आहे हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नाही.

दुकानदार : एक विचारू? ही तुमची साडी सिंथेटिक आहे ना?

बाई : आहे. धुतली की अर्ध्या तासात वाळते. इस्त्री लागत नाही.

दुकानदार : तिचेही धागे निघतात. इंग्लंडात प्लिमथ विद्यापीठात मोजले होते, 2016 मध्ये. सहा किलो अ‍ॅक्रिलिक कपडे मशीनमध्ये धुतले तर सात लाखांच्या वर तंतू पाण्यात. ते तर कुठल्याच भंगारवाल्याला दिसणार नाहीत.

बाई : माझी साडी मी दगडावर आपटते.

दुकानदार : त्याने कमी निघतात असं नाही.

बाई : बरं, मग सुती घे म्हणशील. आणि सुती पिशवी? तिच्याबद्दल तुमचे ते विद्वान काय म्हणतात ते मलाही माहीत आहे. ब्रिटिश सरकारच्या 2011 च्या अहवालात होतं, कापसाच्या पिशवीने 131 वेळा ओझं वाहिलं तर हवामानाच्या हिशेबात ती एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीला गाठते. कापसाला पाणी, खत, फवारणी लागते म्हणून. ते हवेचं गणित झालं, समुद्राचं नव्हे. जाळ्यात अजून कोणाला कापडी पिशवीचे कपटे सापडलेले नाहीत. तरीही गणित मान्य. पण लुगडं आधीच विणलेलं आहे, आधीच नेसून झालं आहे. त्याची पिशवी केली तर नवा कापूस कुठे लागतो? नवी 'पर्यावरणपूरक' पिशवी विकत घ्यायला मी कुठे निघाले आहे? त्या छान छापलेल्या पिशव्या ज्या घरात दहा-दहा आहेत, त्यांना सांग 131.

दुकानदार : आणि त्या 'विघटनशील' लिहिलेल्या? सेल्समन आणतो माझ्याकडे. हिरवं पान छापलेलं असतं.

बाई : त्याच प्लिमथवाल्यांनी तशी एक पिशवी मातीत आणि समुद्रात तीन वर्षं ठेवली. बाहेर काढली तेव्हा तिच्यात सामान भरून उचलता येत होतं. पान बघून घेऊ नकोस.

दुकानदार : घेतच नाही. महाग असतात. बाई, आता धंद्याचं बोलू. तुम्ही म्हणता सुटं द्या. माझ्याकडे डाळ-तांदूळ-साखर-रवा पोत्यातून द्यायची सोय अजून आहे. पण मी आता आधीच किलोची पाकिटं भरून ठेवतो, कारण संध्याकाळी गर्दीत गिऱ्हाईक थांबत नाही. सुटं द्यायचं म्हणजे मोजायला माणूस हवा. आणि प्रत्येकाचा डबा वेगळ्या वजनाचा.

बाई : काटा इलेक्ट्रॉनिक आहे ना? रिकामा डबा ठेव, शून्य कर, मग भर. एवढं तर पाचवीतलं पोरगं करेल.

दुकानदार : पोरगं करेल, पण संध्याकाळी सातला नाही. दुपारी या. तीन ते पाच, गिऱ्हाईक नसतं तेव्हा. डबे घेऊन दहा-बारा घरं नेमाने येणार असतील तर मी पाकिटं भरायची कमी करतो. किलोमागे पाकिटाचा आणि भरणावळीचा खर्च वाचेल, तो सोडतो. पण दोन महिने बघणार. नुसतं ठरवून गेलात आणि पुन्हा ऑनलाइन दहा मिनिटांत मागवायला लागलात, तर माझ्या पोत्यात किडे पडतील.

बाई : आमच्या इमारतीतल्या सहा-सात मी आणते. बाकीच्या तू टॉवरमधून आण. तुझी व्हॉट्सअ‍ॅपवाली.

दुकानदार : त्या येणार नाहीत.

बाई : मग त्यांचे डबे तूच ठेवून घे. घरपोच देतोस ना? मुलगा भरलेला डबा नेईल, रिकामा आणेल. दूधवाले हेच करायचे. आणि वेफर्सच्या जागी पुढे फरसाणाची बरणी लाव. माळ आत, मीठ-मोहरीपाशी. ज्याला हवी तो मागेल.

दुकानदार : माळ पुढे लावायचे कंपनी पैसे देते.

बाई : किती?

दुकानदार : ते सांगणार नाही.

बाई : मग राहू दे. बिगारी बाईला शनिवारी शोधावी लागू नये. तेल?

दुकानदार : तेल सुटं नाही. कायदा आहे.

बाई : सुटं नको. 15 किलोचा पत्र्याचा डबा दे, सीलबंद. आम्ही चौघी मिळून घेऊ, वर नेऊन आपापल्या बरणीत ओतून घेऊ. पंधरा पाऊच वाचले. पाऊच तुझा भंगारवाला घेतो का?

दुकानदार : नाही. तेलकट असतं, धुतलं तरी. पण एक सांगतो, उघडलेलं तेल महिना-दीड महिन्यात संपवा, उन्हाळ्यात खवट होतं. आणि डबा उचलायला कोणी तरुण माणूस पाठवा, तुमच्या पाठीला झेपणार नाही.

बाई : पैसे आत्ता देऊ?

दुकानदार : डबा आला की. पण आधी ठरवून घ्या. पत्र्याच्या रिकाम्या डब्याला भंगारात चांगला भाव आहे. तो कोणाचा?

बाई : अर्थात ज्याच्या घरी उघडला त्याचा.

दुकानदार : म्हणजे तुमचा. बाकीच्या तिघी मान्य करतील?

बाई : तिसऱ्या मजल्यावरची नाही करणार.